कठीणवाल्या मॅडम

मॅडमच्या टीव्हीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात इलेक्ट्रिशियन वापरतात ती काळी चिकटपट्टी लावलेली होती. एक नाही, चांगल्या चार पट्ट्या, एकीखाली एक, काडेपेटी मावेल एवढी जागा झाकणाऱ्या. त्यांच्याकडे मागची खोली भाड्याने घेतली त्या पहिल्या संध्याकाळी मला वाटलं, पडदा तडकला असेल. मी हळहळून विचारलं, तर म्हणाल्या, "तडकायला काय झालंय त्याला? तिथे नकाशा दिसतो."

आता हे वाक्य दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण मी डहाणूला जमिनी मोजणाऱ्या खात्यात नुकतीच लागलेली भूकरमापक होते, आणि मॅडम त्याच खात्यात निमतानदार, म्हणजे आम्ही मोजून आणलेलं तपासून बरोबर की चूक ते सांगणाऱ्या. तीस वर्षं जिने नकाशांवरच भाकरी खाल्ली, तिला आपल्या घरातल्या टीव्हीवर एक नकाशा सहन होऊ नये, हे मला काही झेपेना. मी आटपाडीकडची. आमच्याकडे बावन्न वर्षांच्या बाईला संध्याकाळी टीव्हीवर मालिका बघायच्या असतात. मॅडमना गेम खेळायचे असत.

गेमची ती पेटी त्यांच्या वापीच्या भाच्याची. त्याने नवी घेतली आणि जुनी मावशीकडे टाकून गेला. मावशीने ती लावली, आणि मग संध्याकाळी साडेसहा ते आठ या वेळात त्यांच्याकडे कोणी गेलं की दार उघडायला उशीर व्हायला लागला. गेमही सगळे चालत नसत. गाड्यांच्या शर्यती नकोत, बंदुका तर नकोतच. अनोळखी जागेत एकटं माणूस शिरलंय, वाट माहीत नाही, काय कुठे लपलंय ते माहीत नाही, आणि शोधत पुढे जायचं, असे साहसाचे गेम. हातात धरायच्या यंत्राला त्या हँडल म्हणायच्या. मी रिमोट म्हटलं की चेहरा वाकडा व्हायचा.

नवा गेम सुरू केला की तो आधी विचारतो, सोपं हवं, साधारण हवं की कठीण? मॅडमना हा प्रश्नच आवडायचा नाही. चुकीच्या माणसाने घरातली गोष्ट विचारावी तशा त्या पडद्याकडे बघायच्या आणि कठीणवर बोट दाबायच्या. मी एकदा म्हटलं, "मॅडम, पहिल्यांदा साधारण घेऊन बघायचं, मग कठीण." त्या म्हणाल्या, "जेवायला बसलेल्या माणसाला कोणी विचारतं का, घास चावून देऊ का म्हणून?" ऑफिसात ही गोष्ट मीच फोडली, आणि तेव्हापासून त्यांचं नाव पाठीमागे कठीणवाल्या मॅडम असं पडलं. त्यांना ते कळलं होतं. त्यांना काही वाईट वाटलं नाही, उलट ते नाव हुद्द्यासारखं वाटलं असावं.

तर तो कोपऱ्यातला नकाशा. मॅडम तेव्हा खेळत होत्या त्या गेममध्ये आपण कुठे आहोत आणि कुठे जायचंय ते दाखवणारा एक छोटा नकाशा सतत दिसायचा आणि तो बंद करायची सोय नव्हती. म्हणून चिकटपट्टी. समोरच्या घरातले रेल्वेतले काका क्रिकेटची मॅच बघायला यायचे, आणि स्कोअर नेमका त्या पट्टीखाली. काका दर ओव्हरला विचारायचे, "किती झाले हो?" मॅडम आतून ओरडून सांगायच्या, "बघत होता ना? मग मोजले नाहीत?" पुढे पुढे काका मांडीवर वही घेऊन बसायला लागले. मला वाटतं, त्यांना ते आवडायला लागलं होतं.

नकाशा झाकला म्हणजे नकाशा नकोच होता असं नाही. तो आपला आपण काढायचा होता. मांडीवर आमच्या खात्याची असते तशी जाड वही, पेन्सिल ब्लेडने तासलेली, आणि गेममधल्या माणसाची पावलं मोजत मॅडम टिपण काढायच्या. टिपण म्हणजे आमच्याकडचा जागेवर बसून काढलेला कच्चा नकाशा, आकड्यांसकट. पावलांचं रूपांतर त्या जुन्या पद्धतीने साखळी आणि आण्यात करायच्या. तेहेतीस फुटांची एक साखळी, तिचे सोळा आणे. आता कोणी साखळी हातात धरत नाही, यंत्र उभं केलं की आकडे आपोआप येतात. पण मॅडमच्या वहीत कुठल्या परमुलखातल्या कुठल्या काल्पनिक दरीची रुंदी 'दोन साखळ्या अकरा आणे' अशी सुवाच्य अक्षरात लिहिलेली असायची, शेजारी झाडाची खूण, विहिरीची खूण, पडक्या भिंतीची खूण, सगळं खात्याच्या नियमाप्रमाणे.

त्याच वहीत मागच्या बाजूने एक रजिस्टर होतं. गेममधला माणूस मेला की त्याची नोंद. रकाने तीन: ठिकाण, कितवी वेळ, कारण. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोट धरून हसले. 'झुलता पूल. एकविसावी वेळ. कारण: घाई.' 'झुलता पूल. बाविसावी वेळ. कारण: वर बघितलं नाही.' 'झुलता पूल. तेविसावी वेळ. कारण: मागच्या वेळी वाचलो म्हणून आताही वाचू असं वाटलं.' कारणाच्या रकान्यात नशीब हा शब्द लिहायला बंदी होती. मी एकदा लिहिला, तर त्यांनी खोडरबराने खोडला आणि हँडल माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "परत मर आणि नीट बघ कशाने मेलीस."

मला त्यांनी माझ्या नावाने वेगळा खेळ सुरू करून दिला होता. मी अर्थातच साधारण निवडलं. वाट कळेना झाली की एक बटण दाबायचं, की जिथे जायचं ती जागा चमकायची. तीन संध्याकाळी बसून मी तो झुलता पूल, पुढचं जंगल, त्यापुढचा किल्ला सगळं पार करून मोकळी झाले आणि मॅडम अजून पुलावरच मरत होत्या म्हणून त्यांना चिडवलं. आज खरं सांगायचं तर त्या जंगलातलं आणि किल्ल्यातलं मला काहीही आठवत नाही. मॅडमचा पूल मात्र फळीन् फळी आठवतो. सातवी फळी सैल होती, अकरावीनंतर वारा यायचा, आणि मधोमध उभं राहिलं की खाली धुक्यात एका देवळाचं शिखर दिसायचं. माझा माणूस त्याच पुलावरून पळत गेला होता आणि मी ते शिखर बघितलंच नव्हतं.

पण मॅडमना कठीण ते सगळंच प्रिय होतं असं कोणी समजू नये. ऑफिसात त्या नेमक्या उलट. तलासरीकडून एक म्हातारे बाबा एका उताऱ्यासाठी तिसऱ्यांदा आलेले दिसले, तर मॅडमनी त्यांना आपल्या खुर्चीशेजारी बसवलं, अर्ज स्वतः लिहिला, त्यांचा अंगठा घेतला आणि उतारा हातात देऊनच उठवलं. बाबा गुजराती मिसळून बोलत होते, मॅडमही तशाच बोलत होत्या. ते गेल्यावर मी चिडवलं, "त्यांना का नाही कठीण दिलंत?" तर माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "हेलपाटे घालायला लावणं याला कठीण म्हणत नाहीत गं. त्याला माज म्हणतात."

त्यांनी एक गेम चार दिवसांत काढून भाच्याला परत पाठवला होता. त्यात प्रत्येक राक्षस शंभर शंभर वार खाल्ल्याशिवाय मरत नव्हता, आणि आपण मेलो तर का मेलो ते कळत नव्हतं. "यात शिकायचं काय?" असं त्यांचं म्हणणं. "चुकल्यावर आपली चूक आपल्याला दिसली पाहिजे. दिसली की परत जावंसं वाटतं. ते खरं कठीण. बाकी सगळी दगदग." सोपं आणि कठीण यांच्यातला हा असा तिसरा प्रकार मला तोपर्यंत कोणी दाखवला नव्हता. शाळेत, कॉलेजात, स्पर्धा परीक्षेच्या क्लासला मला बहुतेक दगदगच मिळाली होती आणि मी तिलाच कठीण समजून कंटाळले होते.

मॅडम मूळच्या वरोरच्या, समुद्रावरच्या घरातल्या. वडील होडीवर जायचे. एका बुडालेल्या शहराचा गेम आला तेव्हा त्यांची कळी खुलली. हातात कंदील घेतलेली एक मुलगी त्या शहरात आपल्या हरवलेल्या भावाला शोधत फिरते, आणि सगळीकडे पाणी चढतं, उतरतं. पहिल्याच दिवशी मॅडम वैतागल्या. "ही काय भरती? बादलीत नळ सोडल्यासारखी? माझ्या बाबांनी बघितली असती तर बंदच केला असता टीव्ही." पण दोन दिवसांत त्यांनी त्या खोट्या भरतीचंही वेळापत्रक वहीत बसवलं आणि मग ती मुलगी पाणी यायच्या आधी पायरीवर उभी राहायला लागली.

त्या शहरात एक दगडी कोठार होतं. अकरा खोल्या, एकीतून दुसरीत जात फिरून परत पहिल्या दारात यायचं. त्यापुढे रस्ता नाही. मॅडमनी ते कोठार मोजलं आणि अडकल्या. आमच्या कामाचा एक साधा नियम आहे: एका दगडापासून मोजत निघालात आणि फिरून त्याच दगडावर आलात, की आकडे जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर कुठेतरी चूक आहे, आणि ती सापडेपर्यंत घरी जायचं नाही. मॅडमचे आकडे नऊ पावलांनी जुळत नव्हते. त्यांनी परत मोजलं. नऊ पावलं. उलट्या बाजूने मोजलं. नऊ पावलं. दोन महिने त्या मुलीला त्याच अकरा खोल्यांतून फिरवत होत्या. "इथे बारावी खोली आहे," असं त्या रोज सांगायच्या. "नऊ पावलं रुंद. दार कुठून आहे तेवढं कळू दे." त्या दिवसांत त्यांच्याइतकी मजेत असलेली बाई मी डहाणूत दुसरी बघितली नाही.

मी मात्र कंटाळले. त्या अकरा खोल्या मला स्वप्नात दिसायला लागल्या होत्या. एका दुपारी डबा खाऊन झाल्यावर मी फोनवर त्या गेमचा व्हिडिओ शोधला. कोणीतरी सगळं खेळून दाखवलं होतं. चौथ्या खोलीत रांजणांच्या मागे उभं राहून कंदील विझवायचा. अंधार झाला की भिंतीच्या फटीतून पलीकडचा उजेड दिसतो, तिथे ढकललं की दार उघडतं. ते बघायला मला दोन मिनिटं लागली. संध्याकाळी मॅडम चहा टाकायला उठल्या आणि हँडल माझ्याकडे दिलं, तेव्हा मी मुलीला सरळ चौथ्या खोलीत नेलं आणि कंदील विझवला. दार उघडलं.

मॅडम कप घेऊन दारात उभ्या होत्या. मला वाटलं होतं, आनंदाने टाळी देतील. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "कंदील का विझवलास?"

"असंच."

"असंच कोण अंधार करतं? वही दाखव. कशावरून चौथी खोली?"

माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. मी फोनचं कबूल केलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं हँडल घेतलं, टीव्ही बंद केला आणि म्हणाल्या, "तुला दार सापडलं. माझे दोन महिने कुठे गेले ते सांग." मला इतकी लाज वाटली की रात्रीचं जेवण गेलं नाही. कोणाच्या घरातून काहीतरी उचलून आणलंय आणि ते परतही करता येत नाही, असं वाटत राहिलं. त्यानंतर अकरा दिवस टीव्ही लागला नाही. रेल्वेतले काकासुद्धा मॅच बघायला दुसरीकडे गेले.

पुढचं आधीच सांगून टाकते. मॅडमनी तो गेम सोडला नाही. पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू केला, आणि कोठार आल्यावर मला खोलीबाहेर काढलं. "मी बघितलेलं मला चालत नाही, मोजलेलं चालतं," असं म्हणाल्या. नऊ पावलांचा फरक नेमका कुठे पडतो ते त्यांनी खोलीखोलीने धरत आणलं आणि दिवाळीच्या सुट्टीत एकदा स्वयंपाकघरात येऊन वही माझ्यापुढे धरली. चौथी आणि पाचवी खोली यांच्यामधल्या भिंतीत नऊ पावलं जात होती. सगळे आकडे जुळले होते. मी म्हटलं, "मॅडम, हे तर तेच दार." त्या म्हणाल्या, "ते तुझं होतं. हे माझं."

पण त्याआधी, टीव्ही बंद होता त्या अकरा दिवसांत, गंजाडची गोष्ट घडली. ती माझीच गोष्ट आहे, तरी मॅडमबद्दल सांगायचं तर ती सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

गंजाडच्या एका पाड्यावर काकी आणि पुतण्या अशी दोन घरं शेजारी शेजारी. जमिनीही शेजारी, आणि हद्दीवर एक विहीर. काकीने चाळीस वर्षं त्या विहिरीचं पाणी ओढलेलं. तिची वांगी, मिरच्या, दोन म्हशी, सगळं तिच्यावर. पुतण्याला घर बांधायचं होतं आणि कंपाउंडची भिंत घालायची होती, म्हणून त्याने मोजणीचा अर्ज केला. माझी एकटीने केलेली ती पहिलीच मोजणी. मे महिना. जुन्या टिपणात हद्दीचे चार दगड दाखवलेले, जागेवर एकच सापडला. मग मी शहाणपणा केला. रस्त्याची मोरी नकाशात होती आणि जागेवरही होती. एक बांध होता. त्या दोघांवर मी नकाशा बसवला. यंत्राने पंधरा मिनिटांत रेषा दिली. विहीर पुतण्याच्या बाजूला गेली.

काकी माझ्या मागे मागे फिरत होती. "बाय, दगड हाय," ती म्हणाली. "त्या करवंदीत हाय. माज्या सासऱ्यानं दावलेला."

करवंदीची जाळी माझ्यापेक्षा उंच होती आणि आत हात घातला की काटे. मी चारी बाजूंनी फिरले. "नाही दिसत, काकी," मी म्हटलं.

"दिसत नाय, पन हाय," ती म्हणाली. मी यंत्र पेटीत ठेवत होते. काकी तिथेच, विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि मी गाडीत बसेपर्यंत माझ्याकडे बघत होती. शिव्या दिल्या असत्या तर मला राग तरी आला असता.

ती फाइल तपासायला मॅडमकडे गेली. फोनवर बघून दार उघडलं त्याला तेव्हा आठवडा झाला असेल. मॅडमनी मला टेबलाशी बोलावलं, नकाशावर पेन्सिलीचं टोक टेकवलं आणि विचारलं, "ही रेषा कशावरून?"

"मोरीवरून."

"मोरी कधी बांधली?"

मला माहीत नव्हतं.

"रस्ता रुंद केला तेव्हा हलवली असेल तर?"

त्यांनी आवाज चढवला नाही, फाइल मिटली आणि माझ्या हातात दिली. नकाशाची प्रत अजून कोणाला दिलेली नव्हती, एवढंच माझं नशीब. हा शब्द मी मॅडमसमोर उच्चारला नाही. फक्त म्हटलं, "मॅडम, मी परत मोजते." त्या म्हणाल्या, "मी पण येते. पण मी काही करणार नाही."

आणि खरंच केलं नाही. मॅडम येऊन एका आंब्याखाली पालथ्या पाटीवर बसल्या. पुतण्या कुरकुरला. "मॅडम, झालेली मोजणी परत कशाला? विहीर माझ्याकडे आलीय ना?"

"आलीच असेल तर परत येईल," मॅडम म्हणाल्या. "नसेल आली, तर भिंत बांधायच्या आधी कळलेलं बरं. कोयता आहे का घरात?"

त्याने कोयता आणला. काकीनेही आपला आणला. जुन्या टिपणात त्या हरवलेल्या दगडाचं अंतर दोन जागांवरून दिलेलं होतं, एक आमच्याच सापडलेल्या दगडापासून आणि दुसरं ओढ्यापलीकडच्या शेजारच्या शेताच्या दगडापासून. दोन्हीकडून टेप धरून कमान ओढली आणि दोन कमानी जिथे एकमेकींना छेदतात, तिथे दगड. म्हणजे आधी ओढ्यापलीकडचा दगड शोधायला हवा. त्यात एक तास गेला. तो पालापाचोळ्याखाली सापडला तेव्हा मी मॅडमकडे बघितलं. त्या करवंदं खात होत्या.

कमानी करवंदीच्या मधोमध छेदल्या. मग तोडायला सुरुवात. पुतण्या एका बाजूने, काकी दुसऱ्या बाजूने, आणि मी मध्ये हाताने फांद्या ओढत. पुतण्याला पहिल्यांदा नुसती उरकायची घाई होती. पण तासाभराने मी बघते तर तो गुडघ्यावर बसून मुळांमधली माती बोटांनी उकरत होता आणि काकीला सांगत होता, "तू तिकडं नको, तिकडं काटं लय हायत, मी बघतो." हा दगड सापडला तर आपली विहीर जाऊ शकते, हे तो विसरला होता की काय कोण जाणे. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरखडले होते. माझे तर विचारूच नका. मी एकदा वैतागून मॅडमना हाक मारली, "मॅडम, नसेलच तर?"

"तुझे आकडे काय म्हणतात?"

"आहे म्हणतात."

"मग मला काय विचारतेस?"

पुतण्याने बाजूला ठेवलेला कोयता मी उचलून चालवला, आणि खण्ण झालं. माती बाजूला केली तर घडवलेला दगड, माथ्यावर फुली. काकी कोयता टाकून खाली बसली, पदराने दगड पुसला आणि म्हणाली, "ह्योच. सासऱ्यानं ह्योच दावलेला." पुतण्यानेही हात लावून बघितला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते घामात कोणाला कळलं नाही, एवढं बरं.

मग मी यंत्र लावलं. सगळे माझ्यामागे उभे. आकडे घेतले, एका दगडापासून निघून फिरून त्याच दगडावर आले, जुळले. दोरी ताणली, चुना टाकला. पहिल्या मोजणीत विहीर रेषेपासून चांगली दूर, पुतण्याच्या शेतात गेली होती. आता रेषा विहिरीच्या अगदी जवळून गेली. दीड हातावरून. पण विहीर पुतण्याच्याच बाजूला राहिली.

मी काकीकडे बघायचं टाळत चुन्याची पाटी उगाच झटकत होते. इतका वेळ मनात मी विहीर तिला देऊन बसले होते. काकी चुन्याच्या रेषेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली, दगडाकडे बघितलं, विहिरीकडे बघितलं. "दिसलं," एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मग विहिरीशी गेली आणि रहाटावरचा आपला दोर सोडायला लागली.

पुतण्या ओरखडलेले हात शर्टाला पुसत उभा होता. "राहू दे काकी," तो म्हणाला.

"तुजी हाय ना आता?"

"माजी हाय, तर दोर कोनाचा ठेवायचा ते मी सांगनार का तू?"

काकीने त्याच्याकडे बघितलं आणि सुटत आलेली गाठ परत आवळली. तो तिचा कोयता उचलून तिच्या ओट्यावर ठेवायला गेला. भिंतीला इथे दार ठेवावं लागेल, असं जाता जाता तो माझ्याऐवजी मॅडमना सांगून गेला.

परतीच्या वाटेवर आम्ही उलट्या दिशेला चारोटीला जाऊन हायवेवर चहा घेतला. हाताची आग होत होती, तरी मला आतून फार बरं वाटत होतं, आणि बरं वाटलं की माझी जीभ सुटते. मी म्हटलं, "काही म्हणा मॅडम, विहीर तिथेच राहिली. म्हणजे माझी पहिली मोजणीसुद्धा बरोबरच होती."

मॅडमनी चहाचा घोट घेतला. माझ्या ओरखडलेल्या हातांकडे बघितलं.

"नव्हती," त्या म्हणाल्या. "आज झाली."